पंचनाम्यात न आलेली पाखरं

वैनगंगाकाठच्या सर्व ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष, सचिव आणि सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात राहतो. गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेचं दप्तर गेली बावीस वर्षं माझ्याकडे आहे. तलावात बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, किती सोडली, मासा किती निघाला, कोणाच्या नावावर किती किलो लागले, हे लिहिण्यात माझे दिवस जातात. लिहिता-वाचता माणूस म्हणून गावात पंचनामा असला की मला पंच म्हणून बोलावतात. २०१४ सालच्या मार्चमधल्या गारपिटीच्या पंचनाम्यावरही माझी सही आहे. त्या सहीमुळेच आज हे पत्र लिहितो आहे.

गारा आल्या तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. आभाळ आधी काळं झालं, मग हिरवट. म्हाताऱ्यांनी तेव्हाच ओळखलं आणि बैल गोठ्यात घेतले. कौलांवर पहिल्यांदा बोरांएवढ्या गारा वाजल्या, मग लिंबाएवढ्या. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. त्यानंतर अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. हरभरा घाट्यावर आला होता, लाखोळी काढणीला आली होती. त्या रात्री गावात कोणाला जेवण गेलं नाही.

सकाळी मी आधी तलावावर गेलो, संस्थेच्या जाळ्यांचं काय झालं ते पाहायला. आमचा तलाव माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातला. पाळीवर जुन्या बाभळी आणि एक मोठी चिंच. त्या चिंचेवर रात्री बगळे आणि पाणकावळे मुक्कामाला असतात. चिंचेखाली पाहिलं आणि पाय पुढे उचलेना. पांढरी पिसं चिखलात रुतली होती. काही बगळे मान मुरगळून पडले होते. काही जिवंत होते आणि एक पंख ओढत पाण्याकडे सरकत होते. एक पाणकावळा खोडाला टेकून होता. जवळ गेलो तरी हलला नाही, नुसता पाहत राहिला. डोळे निळसर हिरवे, काचेच्या गोटीसारखे. दुपारी परत गेलो तेव्हा तो तिथंच, खोडाला टेकूनच मेलेला होता.

त्याच सकाळी आमच्या संस्थेच्या एका जुन्या सभासदाबरोबर डोंग्यातून नदीतल्या रेतीच्या बेटावर गेलो. नदीवर सूर मारून मासा उचलणारा, पांढुरका, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पुस्तकात त्याला नदी सुरय म्हणतात. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत नदी खाली गेली की तो उघड्या पडलेल्या रेतीवर अंडी घालतो. घरटं असं काही नसतं. रेतीत ओंजळभर खळगा आणि त्यात दोन-तीन अंडी, रेतीच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

त्या दिवशी बेटभर गारांचे खड्डे पडले होते, कोंबड्यांनी उकरल्यासारखे. मी अकरा खळगे मोजले. आठांत टरफलं होती आणि रेतीत मुरलेला पिवळा डाग. दोनांत एकेक अंडं शाबूत होतं. अकराव्या खळग्यावर पक्षी बसल्या जागी मेला होता. पंख थोडे पसरलेले, मान एका बाजूला. उचलला. चोच पिवळीधमक, डोक्यावर काळी टोपी, पाय तांबडे. हाताला वजनच लागेना. त्याच्याखाली तीन अंडी होती, तिन्ही शाबूत. मी हात लावून पाहिला, तर गार पडलेली.

तिसऱ्या दिवशी पंचनामा झाला. गट नंबर, खातेदाराचं नाव, पीक, बाधित क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी. घरांची पडझड वेगळी. मेलेली जनावरं वेगळी: गाय, म्हैस, बैल, शेळी, कोंबडी. मी विचारलं, पाखरांचं कुठं लिहायचं? उत्तर मिळालं, रकाना नाही. आणि खरंच नव्हता. यात मी कोणाचा दोष काढत नाही. नमुना वरून येतो आणि माणसं त्या दिवसांत उन्हातान्हात अर्धपोटी फिरत असतात. मी सही केली.

माझं मला लागलेलं आहे ते वेगळंच. चिंचेखाली बगळे किती होते, पाणकावळे किती, हे मी मोजलंच नाही. बेटावरचे खळगे मोजले तेही एका पावतीच्या मागे, आणि ती पावती पुढे हरवली. आकडे डोक्यात राहिले म्हणून आज सांगतो आहे. चिंचेखालचं विचाराल तर "पुष्कळ मेले" एवढंच माझ्याजवळ आहे.

आता तुम्ही म्हणाल की दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आज का उकरून काढली. त्याचं कारण माझी मुलगी. ती नागपुरात प्राणिशास्त्र शिकत होती. दिवाळीला आली असताना मी तिला त्या बेटाबद्दल सांगत होतो. ती म्हणाली, "बाबा, त्याच महिन्यात तिकडे युरोपात समुद्रपक्ष्यांचा खच पडला होता." मग तिने एक-एक करून वाचून दाखवलं. त्या दिवाळीत मी फार कमी झोपलो.

२०१३-१४ च्या हिवाळ्यात अटलांटिक महासागरावर एकामागून एक वादळं आली. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत समुद्र शांत म्हणून झालाच नाही. आणि फेब्रुवारीपासून फ्रान्स, स्पेन, ब्रिटनच्या किनाऱ्यांवर मेलेले पक्षी वाहून येऊ लागले. मोजलेले पक्षी पन्नास हजारांच्या वर गेले. त्यांतले निम्म्याहून जास्त पफिन नावाचे. हे वाहून आलेले. जे भरसमुद्रात बुडाले त्यांचा हिशेब वेगळाच. आपल्याकडची गारपीट आणि तिकडची वादळं यांचा एकमेकांशी धागा आहे असं मी म्हणत नाही. महिना तेवढा एक होता. पण तिकडे किनाऱ्यावर माणसं वह्या घेऊन फिरत होती, आणि इकडे एक पंच पावतीच्या मागे खळगे लिहून पावती हरवत होता.

ते पक्षी कसे मेले हे थोडं सविस्तर सांगतो, कारण ते कळल्यावर आपल्या नदीकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

पफिन साधारण आपल्या कबुतराएवढा, ठेंगणा, गुबगुबीत. वजन अर्ध्या किलोच्याही आत. उन्हाळ्यात तो बेटांवरच्या बिळांत पिल्लू वाढवतो आणि उन्हाळा सरता सरता समुद्रावर निघून जातो. मग अख्खा हिवाळा जमिनीला पाय लावत नाही. पाण्यावर झोपतो, पाण्यात बुडी मारून मासे धरतो. हिवाळ्यातच तो पंखांची मोठी पिसं एकदम टाकतो, आणि नवी येईपर्यंत काही आठवडे त्याला उडताही येत नाही. अशा वेळी वादळ आलं तर तो जाणार कुठं? लाटांनी पाणी ढवळून निघतं, मासा दिसत नाही, दिसला तरी खोल गेलेला असतो. थंड पाण्यात अंग उबदार ठेवायलाच इतकं अन्न लागतं की चार दिवस उपास घडला तरी जीव धोक्यात येतो. शरीर आधी चरबी जाळतं. ती संपली की छातीचं मांस खातं. किनाऱ्यावर आलेल्या पक्ष्यांची छाती चाचपली तर हाताला मधलं हाड सुरीच्या धारेसारखं लागत होतं. त्यांतल्या बहुतेकांना लाटांनी मारलं नव्हतं, ते उपाशी मेले होते.

दुसरा पक्षी तुमच्या-माझ्या ओळखीचा आहे, फक्त नाव वेगळं. तिकडे त्याला शॅग म्हणतात. तो पाणकावळ्याच्या घरातलाच. आपला पाणकावळा बुंध्यावर बसून पंख पसरून वाळवताना आपण रोज पाहतो. का वाळवतो? बदकासारखी त्याची पिसं पाणी झटकत नाहीत, थोडी भिजतात. बुडी मारताना ते बरं, अंग वर फेकलं जात नाही. पण भिजलेल्या अंगाने थंडी झोंबते, म्हणून त्याला रोज जमिनीवर यावंच लागतं. स्कॉटलंडच्या आयल ऑफ मे बेटावर शॅगचा अभ्यास कित्येक वर्षं चालू आहे. समुद्राकडून जमिनीकडे जोराचा वारा आणि त्यात पाऊस असे दिवस लागोपाठ आले की हे पक्षी पटापट मरतात, असं तिथल्या नोंदींत दिसलं. १९९३-९४ चा हिवाळा असा होता, २००४-०५ चा होता, २०१२-१३ चा होता. सगळ्यात आधी जातात ती पहिल्या वर्षाची पोरं. त्यांना अजून मासा नीट धरता येत नाही, त्यामुळे पोट भरायला मोठ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तिकडे डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम सात तासांचा. उजेड संपतो, पोट रिकामंच राहतं. हे मी वाचून घेतलं तेव्हा माझ्यासमोर चिंचेखालचा तो निळ्या-हिरव्या डोळ्यांचा पाणकावळा उभा राहिला.

मेले ते गेले, पण पुढचं नुकसान वीण लागते तेव्हा दिसतं. पफिन वर्षाला एकच अंडं घालतो, आणि पहिलं अंडं घालायला त्याला पाचेक वर्षांचं व्हावं लागतं. गिलेमॉट म्हणून दुसरा एक पक्षी आहे, कड्याच्या उघड्या कपारीवर अंडं ठेवणारा, त्याचंही असंच. हे पक्षी वीस-वीस वर्षं, त्याहूनही जास्त जगतात आणि त्या भरवशावरच त्यांचं सगळं गणित बसलेलं आहे. एक वर्ष पिल्लं झाली नाहीत तरी चालून जातं. जाणती जोडपीच मेली तर ती जागा भरायला वर्षानुवर्षं लागतात. जे वाचतात त्यांचंही धड नसतं. अंगात ताकद नसते, बेटावर उशिरा येतात, अंडं उशिरा घालतात, काही जण ते वर्ष सोडूनच देतात. ज्याचा जोडीदार समुद्रात राहिला त्याला नवा शोधावा लागतो, आणि नव्या जोडीची पहिली वीण बहुधा फसते. म्हणजे जानेवारीतल्या वाऱ्याचा मार जूनमधल्या पिल्लाला बसतो.

हे सगळं त्यांना कळलं कसं? पक्ष्यांच्या पायात कडी घातलेली होती. किनाऱ्यावर मेलेल्या पफिनच्या पायातली कडी वाचून कोण वेल्सच्या बेटावरचा, कोण स्कॉटलंडचा हे लागलं. आणि मुख्य म्हणजे वादळाच्या आधीपासून वह्या होत्या. वेल्सच्या किनाऱ्याजवळ स्कोमर नावाचं बेट आहे. तिथल्या गिलेमॉटवर टिम बर्कहेड हे प्राध्यापक १९७२ पासून काम करत आले. मध्यंतरी सरकारी पैसा थांबला तेव्हा लोकांनी वर्गणी काढून ते काम चालू ठेवलं. त्या वह्या होत्या म्हणून २०१४ नंतर कोण परत आलं आणि कोण आलं नाही, हे सांगता आलं. मेलेले नुसते मोजून भागत नाही. जिवंत किती होते हे आधी लिहून ठेवलेलं नसेल तर मेलेल्यांचा आकडा लोंबकळत राहतो. मासेमारीच्या दप्तरात हे मला रोज दिसतं: बोटुकली किती सोडली ते लिहिलं नसेल तर किती मेली ते कोण सांगणार?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची गोष्ट तर याहून मोठी आहे. २०१५-१६ मध्ये अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंत हेच गिलेमॉट मरून किनाऱ्याला लागले. सापडलेले सुमारे बासष्ट हजार. त्यांतले पुष्कळसे मोजले ते साध्या लोकांनी, जे वर्षानुवर्षं ठरलेल्या किनाऱ्यावर चालत जाऊन मेलेले पक्षी लिहून ठेवत होते. तिथं कारण थंडी नव्हती, उलट समुद्र तापला होता आणि मासा कमी झाला होता. पुढे कड्यांवरच्या वसाहतींची मोजणी जुन्या मोजणीशी लावून पाहिली तेव्हा अलास्कातले जवळपास चाळीस लाख, म्हणजे निम्मे पक्षी गेल्याचं निघालं. बासष्ट हजार कुठं आणि चाळीस लाख कुठं. म्हणून माझं म्हणणं आहे की कारण आधी ठरवून मोजू नये. आधी मोजावं, कारण पुढे जाणकार शोधतील.

आता आपल्या नदीकडे येतो.

सुरय हा मुळात समुद्रपक्ष्यांच्या कुळातला. कुरव आणि सुरय ही एकाच घरची भावंडं. आपला नदी सुरय समुद्र सोडून गोड्या पाण्यावर राहिला, एवढाच फरक. हिवाळ्यात आपल्या मोठ्या जलाशयांवर तपकिरी डोक्याचे कुरव येतात. ते लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांवर वीण करणारे. म्हणजे समुद्रपक्ष्यांची काळजी आपल्या अंगणातलीही आहे. नदी सुरयाला जगभरच्या यादीत आता धोक्यात आलेला पक्षी म्हणून धरलं आहे. त्याचा चुलतभाऊ काळ्या पोटाचा सुरय त्याहून जास्त संकटात आहे. आमच्या संस्थेतले म्हातारे सांगतात, काळ्या पोटाचा पूर्वी बेटावर याच्याच शेजारी असायचा. मी स्वतः नदीवर बावीस वर्षांत तो दोनदाच पाहिला.

थंडीचंही आपल्याकडे काही कमी नाही. २०१८ च्या २९ डिसेंबरला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या आठवड्यात आमच्या तलावात जाळं टाकून उपयोग नव्हता. मासा तळाला बसला होता. हे प्रत्येक ढिवराला, म्हणजे आमच्याकडच्या मच्छीमाराला, ठाऊक आहे. सुरय बुडी मारून तळाशी जात नाही, वरच्या वितभर पाण्यातलाच मासा उचलतो. त्या धुक्याच्या सकाळी ते सगळे नऊ-साडेनऊपर्यंत रेतीवर माना आखडून, वाऱ्याकडे तोंड करून बसलेले असायचे. त्या थंडीने त्यांचं काय झालं? पुढच्या मार्चमध्ये बेटावर कमी जोड्या आल्या का? सांगता येत नाही, कारण आधीच्या मार्चमध्ये किती होत्या हे कोणी लिहिलेलं नाही. मीही नाही.

गारपिटीनंतर सुरय पुन्हा अंडी घालतात, हे मी त्याच वर्षी पाहिलं. एप्रिलमध्ये बेटावर नवे खळगे झाले. पण उशिराच्या विणीला सगळंच आडवं येतं. रेती तापते. नदी आणखी खाली गेली की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री, कोल्हे, ढोरं सरळ चालत येतात. टरबुजाच्या वाड्या लागतात, माणसांचा राबता वाढतो. रेतीघाट, म्हणजे रेती उपसायची जागा, चालू असेल तर ट्रॅक्टर थेट बेटावर. आणि वरून गोसीखुर्द धरणाचं पाणी सुटलं तर दोन तासांत बेटाचा खालचा भाग बुडतो. त्या वर्षीच्या दुसऱ्या विणीतली पिल्लं उडालेली मी पाहिली नाहीत. निसर्गाचा पहिला तडाखा त्यांनी सोसला असता. त्यानंतरचे तडाखे आपल्या हातचे होते.

म्हणून हे पत्र तुम्हाला. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत तुमची समिती बसवली आणि लोक जैवविविधता नोंदवही तुमच्याकडे दिली. आमच्या गावची नोंदवही मी पाहिली आहे. ज्यांनी ती करून दिली ते दोन दिवस गावात होते. त्यात मोर आहे, चिमणी आहे, कावळा आहे. नदीचं पान जवळजवळ कोरं आहे. सुरय नाही. ढिवरांच्या वस्तीत कोणी विचारायला आलंच नव्हतं, आणि नदीची सगळी माहिती त्या वस्तीत आहे.

सरकारी पंचनाम्याचा नमुना बदलून घेणं तुमच्या-माझ्या हातात नाही. नोंदवही मात्र तुमची आहे. त्यात एक पान वाढवायला कोणाची परवानगी लागत नाही. गारपीट, अवकाळी, थंडीची लाट, वादळ, जे काही होईल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसांनी तलावाची पाळ, मुक्कामाची झाडं आणि नदीतली बेटं फिरून यावं आणि काय दिसलं ते लिहावं. पक्ष्याचं पुस्तकातलं नाव येत नसेल तर गावातलं लिहा. तेही नसेल तर रंग, चोच, पाय लिहा आणि फोटो काढा. काहीच मेलेलं दिसलं नाही तर तेही लिहा, "फिरलो, काही आढळलं नाही" असं, तारखेसकट. ही ओळ लोक हमखास गाळतात आणि पुढे तिचीच गरज पडते. मेलेल्या पक्ष्याला उघडा हात लावू नका. बर्ड फ्लूची भीती असते. एकाच जागी पुष्कळ मेले असतील आणि गारा-वादळाचं कारण दिसत नसेल तर आधी जनावरांच्या दवाखान्यात आणि वनरक्षकाला कळवा.

आणि जिवंतांची मोजणी. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, तेव्हाच आपणही आपापल्या तलावावर एक सकाळ द्यावी. दरवर्षी तोच तलाव, तीच पाळ, शक्यतो तीच माणसं. मार्चच्या मध्यावर एकदा बेटं पाहावीत, पण बेटावर उतरू नये, डोंग्यातूनच मोजावं. दुपारच्या उन्हात तर बेटाजवळ थांबूच नये. आपण उभे राहिलो की पक्षी उठतो आणि अंडी उन्हात भाजतात. २०१४ च्या त्या सकाळी मी बेटभर चाललो, तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. शाबूत राहिलेल्या त्या दोन अंड्यांचे आईबाप आमच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होते आणि आम्ही खळगे मोजत होतो.

रेतीघाटाचा विषय ग्रामसभेत आला की तुमच्या समितीने उठून सांगावं: या-या बेटावर फेब्रुवारी ते मे वीण असते, ते बेट सोडा. नोंदवहीत सलग दोन-तीन वर्षांचे आकडे असतील तर बोलण्याला वजन येईल. पाणी सोडण्याबद्दलही तसंच. उन्हाळ्यात पाणी सोडणं गरजेचं असतं, आमच्याही पिकाला लागतं. पण बेटांवर पिल्लं कोणत्या आठवड्यांत असतात हे लिहून पाटबंधारेवाल्यांना दिलं, तर निदान त्या आठवड्यांत एकदम लोंढा न सोडता हळूहळू सोडा असं सांगता येईल. नुसतं "पक्षी आहेत हो" म्हटलं तर कोण ऐकणार?

आमच्या संस्थेच्या बैठकीत मी हे मांडलं तेव्हा एका सभासदाने विचारलं, "पाखरू मेलं त कोनाचं गेलं जी?" त्याच्या विचारण्यात कुत्सितपणा नव्हता. त्याचा हरभरा त्या गारपिटीत गेला होता आणि भरपाई यायला दिवाळी उजाडली होती. मी त्याला सारसाचं सांगितलं. गोंदिया जिल्ह्यात सारस दरवर्षी मोजतात. मोजतात म्हणूनच तो काही डझनांवर आला हे कळलं, शेतकऱ्यांनी आपल्या बांधीतली, म्हणजे धानाच्या शेतातली, घरटी जपली, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. आपल्याकडचा सारस केव्हा संपला, हे आपल्या तालुक्यात कोणाला सांगता येतं का? तो गप्प बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "माया बापाच्या बांधीत होते दोन." बस, एवढंच. जानेवारीच्या मोजणीला डोंगा त्याचाच होता.

ही मोजणी आम्ही या वर्षी पहिल्यांदा केली. समितीचे दोघे, संस्थेचे तिघे आणि शाळेतल्या नववीच्या चार मुली. मुलींची नजर आमच्यापेक्षा तेज निघाली. धुक्यातले सुरय आधी त्यांनीच ओळखले. नदीवर आमच्या हद्दीत नदी सुरय एकतीस. काळ्या पोटाचा एकही नाही. तलावावर पाणकावळे, लहान-मोठे मिळून, एकशे सहा. चिंचेवरचे बगळे मोजताना दोनदा आकडा चुकला, म्हणून तिसऱ्यांदा मोजले आणि तिन्ही आकडे लिहून ठेवले. मुलींनी सकाळचं तापमान विचारलं, तर ते मोजायला आमच्याकडे काही नव्हतं. आता संस्थेच्या खर्चाने एक थर्मामीटर घेतला आहे. तो ऑफिसच्या ओसरीत उत्तरेच्या भिंतीला टांगला आहे.

पानाचा नमुना मी हाताने आखला आहे. तारीख, वेळ, जागा, हवा, कोणकोण होतं, पक्षी, जिवंत, मेलेले, अंडी-पिल्लं, शेरा. ज्या समितीला हवा असेल तिने माणूस पाठवावा, झेरॉक्स देतो. मोजणीला कोणी जाणतं माणूस नसेल तर आमच्यातले दोघे पहिल्या वर्षी तुमच्याकडे येतील; येण्याजाण्याचं आम्ही पाहून घेऊ. मार्चमध्ये बेटाला जाण्याआधी मात्र जरूर कळवा. एकाच बेटावर दोन गावांचे डोंगे गेले तर पक्षी उगाच दोनदा उठतील, आणि नदीच्या मध्यातली बेटं दोन्ही काठांच्या हद्दीत धरली जातात, त्यामुळे आकडाही दोनदा लागेल. पलीकडच्या काठावरच्या, वडसा बाजूच्या गावांशी आधी बोलून वाटणी करू.

वही संस्थेच्या कपाटात असते. संस्था बुधवार सोडून रोज सकाळी उघडी.

आपला,
वैनगंगाकाठच्या एका मच्छीमार संस्थेचा दप्तरी, आणि २०१४ च्या पंचनाम्यातला एक पंच